वसुबारस रोजची? दिवाळीच्या सुट्टीतले हातचे अनुभव लिहा

पुण्याहून (धागा मीच काढतेय)

गेल्या दिवाळीत लेक हॉस्टेलवरून घरी आली ती व्हीगन होऊनच. चपला काढता काढता तिने जाहीर केलं: दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मी डोक्याला हात लावला. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता वसुबारस रोजची का गं?"

हसून झाल्यावर लक्षात आलं की बाईंनी नेमकं बोट ठेवलंय. आमच्याकडे वसुबारसेला दूध-दुभतं ताटात येत नाही, गहूही नाही. दूध त्या दिवशी वासराचं. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, कांदा, संपलं. हे मी पंचवीस वर्षं मुकाट करत आले आणि त्याला काही नाव असतं हे डोक्यातही आलं नव्हतं. त्यात गेल्या वर्षी, २०२४ ला, लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक व्हीगन दिनाला आलं. लेक जणू पंचांग तिनेच लिहिलंय अशा थाटात घरभर फिरत होती.

फराळाचा हिशेब मांडला तर चिवडा, शेव आणि चकली आधीच पास. भाजणीत तेलाचंच मोहन घालते मी. शंकरपाळ्यात दुधाऐवजी पाणी आणि तुपाऐवजी तेल घातलं, कोणाला पत्ता लागला नाही. घोडं अडलं ते बेसनाच्या लाडवाशी. खोबरेल तेलात बेसन भाजलं तर सगळ्या घराला न्हाणाचा वास! शेजारच्या काकू विचारायला आल्या, कोणाला अभ्यंगस्नान आत्ताच घातलं का म्हणून. ते लाडू ताटात बसले ते उठलेच नाहीत. शेवटी दाणे खमंग भाजले, गुळाबरोबर मिक्सरला फिरवले, दाण्यांना आपोआप तेल सुटलं आणि लाडू वळले. सासूबाई म्हणाल्या, हा तर उपासाचा लाडू.

परवा पुन्हा वसुबारस. म्हणून धागा. सुट्टीत हाताने केलेलं काहीही लिहा: किल्ला, कंदील, फराळ. जवळपासची भटकंतीही चालेल, पण पायी किंवा फार तर रिक्षाने होईल अशीच. विमानाची तिकिटं काढून केलेल्या सहलींचे फोटो आम्ही सगळे इतर ठिकाणी बघतोच.

म्हापशाहून

तुमच्या लेकीला नरकचतुर्दशीला आमच्याकडे पाठवा. गोव्यात त्या दिवशी घरोघरी पोहे, आमच्या भाषेत फोव. दुधातले, ताकातले, रोसातले, फोडणीचे तिखट आणि ओलं खोबरं-गूळ घालून कालवलेले. पहिले दोन बाद केले तरी तिघे उरतात, आणि त्यात रोसातले फोव म्हणजे राजा. नारळ खवायचा, कोमट पाण्यात वाटून पहिला दाट रोस बाजूला ठेवायचा, दुसरा पातळ काढायचा. गूळ दुसऱ्या रोसात विरघळवायचा, मग पहिला घालायचा. वेलची आणि मिठाची कणी. मीठ विसरलात तर नुसतं गोड पाणी लागतं. पोहे अगदी वाढायच्या वेळी घालायचे, नाहीतर लगदा.

पण ते मिळायच्या आधी कारीट फोडावं लागायचं. तुळशीपाशी डाव्या अंगठ्याखाली कारीट चिरडून "गोविंदा" म्हणायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा. कडूजहर. आजी तोंड वाकडं केलेलं बघितल्याशिवाय वाटी हातात देत नसे. आमच्या वाड्यावरची मुलं आदल्या रात्रभर नरकासुर करत जागायची. बांबूचा सांगाडा, गवत, जुनी वर्तमानपत्रं, आणि मुखवट्याला सगळ्यात जास्त वेळ. पहाटे जाळायचा. रात्रभर घडवलेलं दहा मिनिटांत जाताना मला लहानपणी रडू यायचं. भाऊ म्हणायचा, असुरासाठी रडतेस? मी मुखवट्यासाठी रडायचे. मिश्या मी रंगवलेल्या असायच्या.

नागपूरहून

माझा विरोध नोंदवून घ्या. लाडवात तूप हवं. बाकी चर्चा चालू द्या, वाचतोय.

साताऱ्याहून

किल्ल्यावर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि लांब लिहितो.

आमच्या वाड्याच्या अंगणात दरवर्षी किल्ला व्हायचा. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की दप्तर फेकून पाटी-घमेलं घेऊन माती आणायला. फुटक्या विटा आणि दगडांचा डोंगर रचायचा, त्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर चिखलाचे थापे मारायचे. थापा मारायचा म्हणजे खरंच लांबून फेकून मारायचा, त्याशिवाय कातळ दिसत नाही. मग हळीव पेरायचे. हळिवाला चार-पाच दिवस लागतात, म्हणून पेरणी वसुबारसेच्या आधी झालीच पाहिजे हा आमचा कायदा होता. उशिरा पेरले तर भाऊबीजेला किल्ला हिरवा व्हायचा आणि तोवर शाळा जवळ आलेली असायची.

कुंभारवाड्यातून मावळे. प्रत्येकाला त्याच त्या मिश्या, तोच लाल फेटा. प्रमाणाच्या नावाने सगळा आनंद: मावळा दरवाज्यापेक्षा उंच, गुहेतला वाघ मावळ्याच्या दुप्पट, आणि पायथ्याच्या शेतातली गवळण महाराजांएवढी. कारंज्यासाठी सलाईनची नळी. कंपाउंडर काकांकडून ती मिळवणे हा स्वतंत्र मोहिमेचा विषय. बाटली झाडाला टांगायची, नळी किल्ल्याखालून आणायची आणि तोंडाशी सुई लावायची. एका वर्षी रात्री नळी निसटली आणि सकाळी बालेकिल्ला पायथ्याशी आला होता.

यंदा पुतण्या आणि त्याची सोसायटीतली टोळी जिंजी करतायत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच, तमिळनाडूतला. मी म्हटलं, अरे, न बघितलेला किल्ला कसा करणार? तर म्हणे, काका, तुम्ही तरी तोरणा कुठे बघितला होता? बरोबर होतं, मी नववीपर्यंत बघितला नव्हता. जिंजी तीन टेकड्यांवर पसरलेली, म्हणजे तीन डोंगर आणि तिन्हींना जोडणारी तटबंदी. पार्किंगमधल्या दोन गाड्यांची जागा गेली, त्यावरून सोसायटीत मीटिंग झाली. मी मुलांच्या बाजूने उभा राहून सांगितलं की राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला पोचले आणि मोगलांनी वेढा घालूनही किल्ला पडायला १६९८ उजाडलं. तुम्हाला गाडी आठ दिवस रस्त्यावर लावायला काय होतंय? टाळ्या नाही पडल्या, पण जागा मिळाली.

अजिंक्यतारा मात्र त्या १२ मध्ये नाही. आम्ही सातारकर त्यावर जरा फुरंगटूनच आहोत. प्रतापगड आमच्याच जिल्ह्यातला हे मान्य, पण रोज सकाळी खिडकी उघडली की जो दिसतो त्याचं काय? त्या रागात रविवारी सगळ्या टोळीला पायी वर नेलं. डब्यात भाकरी, पिठलं, खर्डा. तुमच्या लेकीला चाललं असतं.

जळगावहून

आमच्या मळ्यात थंडी पडली की भरीत पार्टी. फिकट हिरवी, हातभर मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची. गॅसवर भाजलेलं ते भरीत नव्हे, एवढं मी जाहीरपणे सांगते. लाकडी मुसळीने ठेचायचं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेल. तेल मोजायचं नाही. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची.

दोन वर्षांपूर्वी दिराच्या ऑफिसातली माणसं मुंबईहून आली. त्यांच्यातली एक व्हीगन. दीर बिचारा आठवडाभर टेन्शनमध्ये, कुठून तरी सोयाचं दूध मागवून ठेवलेलं. ती मुलगी चार भाकऱ्या खाऊन ढेकर देऊन मोकळी झाली. ते दूध पुढे महिनाभर फ्रिजच्या दारात होतं.

माहीमहून

आमच्याकडे कंदील गल्ली आहे, त्यामुळे विकत कंदील आणणं अगदीच सोपं. म्हणून वडील हट्टाने घरी करायला लावायचे. बांबूच्या काड्या तासायच्या, दोऱ्याने चौकोन-त्रिकोण बांधायचे. सांगाडा टेबलावर ठेवला की डुलला नाही पाहिजे, डुलला तर सोड आणि पुन्हा बांध. पतंगी कागद, कानाला करंज्या, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्या कापायचं काम धाकट्याकडे, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतं असा वडिलांचा समज. धाकट्याने एकदा पूर्ण शेपूटच कापून टाकली.

तेव्हा आत साठचा बल्ब असायचा. दुसऱ्या रात्री कागद तपकिरी पडायचा, तिसऱ्या रात्री भोक. आता नऊ वॉटचा एलईडी लावतो, कागद पुढच्या वर्षीपर्यंत टिकतो. पण बल्बने गरम झालेल्या खळीचा तो भाजका वास गेला.

यंदा मुलीने विचारलं, बाबा, डिंक-गोंद व्हीगन असतो का? घरची खळ मैद्याची, त्यामुळे पास. सुतार वापरायचे तो सरस मात्र जनावरांच्या कातड्या-हाडांचा. बापजन्मी असा विचार केला नव्हता.

डोंबिवलीहून

फडके रोड! दिवाळीच्या पहाटे गणपती मंदिराशी. पूर्वी मित्र भेटायला जायचो, आता मित्रांची मुलं भेटतात. बाहेर खाताना मिसळवाल्याला तर्रीत काय आहे ते विचारायचं आणि पावाला लोणी लावू नको म्हणायचं. दोन वेळा सांगावं लागतं.

मिरजेहून

माझं वय ७४, म्हणून थोडं उलट बाजूचं लिहिते. आम्ही वनस्पती तुपावर वाढलो. डालडा १९३७ पासूनचा, पिवळा डबा आणि त्यावर हिरवं माडाचं झाड. साजूक तूप देवाला आणि वरणभातावर, तेही पुरुषांच्या पंक्तीला. बाकी करंज्यांचा साटा, शंकरपाळे, चिरोटे, सगळं डालड्यात. पाहुण्यांना वाढताना आई डबा फडताळात मागे सरकवून ठेवायची. लाज वाटायची तिला.

आता नात सांगते, आजी, ते सगळं व्हीगनच होतं! तेलावर प्रक्रिया करून घट्ट केलेलं, दुधाचा थेंब नाही. तिला मी दुसरी बाजूही सांगितली. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे पुढे डॉक्टरांनी कान उपटले, आणि २०२२ पासून सरकारने अशा तेला-तुपातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर आणलंय. व्हीगन म्हणजे पथ्याचं असं कोणी समजू नये. आम्ही ते खाऊन बघितलंय.

डबा मात्र सोडला नाही. रिकाम्या डब्यात तुळस, दुसऱ्यात गहू, तिसरा न्हाणीघरात. तुळशीचा डबा अजून आहे. माडाचं झाड गंजलं, तुळस चौथी.

श्टुटगार्टहून

मिरजेच्या आजी, इथे व्हीगन मार्गारिन घालून मी करंजीचा साटा लावते तेव्हा आईला फोनवर डालडाच आठवतो. दुकानात ओटचं दूध आपल्याकडच्या पिशवीच्या दुधासारखं सहज मिळतं, त्यामुळे खाण्याची अडचण नाही. अडचण असते ती दिवाळी आहे असं वाटण्याची. बाहेर लवकर अंधार, पाऊस, आणि रांगोळी काढायला उंबरा नाही.

११ नोव्हेंबरच्या आसपास इथली बालवाडीतली मुलं कागदी कंदील करतात. सेंट मार्टिनचा सण. त्याने आपला झगा अर्धा कापून थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला अशी गोष्ट. मुलं काठीला कंदील लावून गाणी म्हणत रस्त्याने जातात. २०२३ साली आमच्या बालवाडीची मिरवणूक शुक्रवारी, १० तारखेला होती आणि त्याच दिवशी धनत्रयोदशी. लेकाने केलेला कंदील म्हणजे जिलेटिनच्या रंगीत तुकड्यांचं साळिंदर. घरी आल्यावर तोच बाल्कनीत टांगला. आईला व्हिडिओवर दाखवला तर म्हणाली, "साळिंदर का गं? बरं, असू दे, झिरमिळ्या लाव." त्या रात्री अकरा वाजता मी साळिंदराला झिरमिळ्या चिकटवत बसले होते.

नागपूरहून

साळिंदराचा फोटो टाका. तुपाबद्दल मत बदललेलं नाही.

पुण्याहून (धागा माझाच)

आज वसुबारस झाली. सगळं वाचून दाखवलं घरी. सासूबाईंना म्हापशाच्या मिश्या आणि मिरजेचा डबा फार आवडला. आमच्याकडेही डबा मागे सरकवायचे, म्हणाल्या.

सकाळी आजी-नात पर्वतीला गेल्या. १०३ पायऱ्या आहेत. सासूबाई तिसाव्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, तू जा, मी इथून बघते. नात वर न जाता तिथेच बसली. दोघी तासभर खालून येणाऱ्यांना न्याहाळून परत आल्या आणि सोसायटीतल्या प्रत्येकाला पर्वती चढून आलो म्हणून सांगितलं.

संध्याकाळी भाकऱ्या लेकीने थापल्या. बाजरीला चिकटपणा नसतो, कडा चिरतात. पाचातल्या तीन चिरल्या. सासूबाईंनी चिरलेल्या तिन्ही आपल्या आणि माझ्या ताटात ओढल्या, गवारीची भाजी घेतली, दोन घास खाल्ले आणि नातीकडे न बघता मला विचारलं,

"पाडव्याला मात्र तुपाचा लाडू मिळेल ना?"