डियर फीडर: जाड पत्र्याचा घ्यावा, साधा घ्यावा, की लावूच नये?

लानोकाठचा

टेक्सासच्या हिल कंट्रीत, लानो काउंटीत, आमचे ६५ एकर आहेत. खडक, सीडर, लाइव्ह ओक आणि हरणं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो, आणि त्याआधी दोन महिने फीडरची लगबग. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: तिपाईवर पिंप, पिंपाच्या तळाला नरसाळं, त्याखाली मोटरवर फिरणारी चकती. टायमर लावला की सकाळ-संध्याकाळ मका गोल उधळला जातो. खाजगी रानात असा मका टाकून शिकार करणं टेक्सासमध्ये कायदेशीर आहे, आणि इथली बहुतेक जमीन खाजगीच.

चार वर्षांत माझे दोन फीडर गेले. पहिला प्लास्टिकच्या पिंपाचा. इथल्या उन्हानं दोन उन्हाळ्यांत पापडासारखा तडकला. दुसरा पातळ पत्र्याचा, बारीक पायांचा. शेजाऱ्याच्या गाई त्याला अंग घासायला आल्या, उरलेलं काम रानडुकरांनी केलं. पिंपभर मका मातीत.

म्हणून माझं ठाम मत: एकदाच पैसे घाला. जाड गॅल्व्हनाइज्ड पत्रा, वेल्ड केलेले पाय, प्रत्येक पायाशी टी-पोस्ट (कुंपणाचा लोखंडी खांब) ठोकून तारेनं आवळा. चकती जमिनीपासून सहा-सात फुटांवर, आणि तिच्याभोवती जाळीचा पिंजरा. रॅकून पाय धरून लटकतो आणि हातानं चकती फिरवतो. चोर कसला, कारागीर आहे तो. बॅटरी १२ व्होल्टची, सोलर पट्टीचं तोंड दक्षिणेला. टायमरच्या डबीत लाल मुंग्या घर करतात, तेव्हा तारांची भोकं सिलिकॉननं बुजवा. चकतीभोवती गोणी बांधून मोटर चालवा आणि पडलेला मका तोला. माझा सहा सेकंदांत अडीच किलो टाकतो, म्हणजे दोन वेळचा पाच. ५५ गॅलनच्या पिंपात साधारण १५० किलो मावतो. महिनाभर तिकडे फिरकायला नको.

कुणाचं वेगळं मत आहे का?

कॅटीचा काका

आहे ना. पैसे चुकीच्या जागी घातलेस बाबा. दक्षिण टेक्सासात आमच्या चौघांची लीज आहे, म्हणजे शिकारीसाठी भाड्यानं घेतलेलं रान, तिथं बारा वर्षं मका ओततोय. पिंप कसलंही चालतं. माझं एक जुनं पिंप अजून उभं आहे, कारण ते मेस्किटच्या सावलीत आहे आणि भोवती कुंपण आहे. हॉग पॅनल म्हणतात ते, जाड तारेच्या जाळीचं, ३४ इंच उंच, १६ फूट लांब. आठ पॅनल जोडले की ४० फूट व्यासाचं रिंगण होतं. हरीण टुणकन उडी मारून आत येतं, डुक्कर बाहेर नाक घासत बसतं. चकतीचा वेग कमी ठेव, मका रिंगणाबाहेर गेला तर सगळं मुसळ केरात.

आणि तुझी ती उंच तिपाई! १५० किलो मका शिडीवर चढून कोण भरणार? तीस वर्षांचा आहेस तोवर ठीक. मी एकदा पाठीवर गोणी घेऊन शिडीवरून आलो खाली. तेव्हापासून जमिनीवर उभं राहून भरता येईल असाच बुटका फीडर. त्यात मका कमी मावतो, फेऱ्या वाढतात. वाढू देत.

लानोकाठचा

काका, पन्नाशी उलटली माझी. शिडीचा मुद्दा मान्य. पण बुटक्या फीडरची मोटर डुकराच्या तोंडाशी येते, मग पॅनल लावावेच लागतात. म्हणजे खर्च तोच, दुसऱ्या खिशातून.

ग्रँड रॅपिड्सची

तुमचं टी-पोस्ट आणि पॅनल वाचून मजा वाटली, पण घराला आग लागली असताना पडद्यांचा रंग ठरवणं चाललंय असं वाटतं. मी मिशिगनमध्ये राहते, नवरा आणि सासरे दोघं शिकार करतात. आमच्या लोअर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या भागात, हरणांना खाऊ टाकणं आणि आमिष लावणं २०१९ पासून बंद झालं. कारण क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला. प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा रोग, औषध नाही, लस नाही, झालेलं हरीण मरतंच. लाळेतून, लघवीतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. दहा हरणं एकाच जागी, एकाच मातीतून दाणे टिपतात, रोज, ठरल्या वेळेला. याहून सोयीची व्यवस्था त्या रोगाला कोण करून देणार?

आमच्याकडे याआधी गाईंचा क्षयही हरणांत शिरला होता, १९९० च्या दशकात, ईशान्य भागात. तिथं गाजर-बीटचे ढिगारे टाकायची पद्धत होती. टेक्सासात २०१२ मध्ये पश्चिमेला म्यूल डियर या दुसऱ्या जातीच्या हरणांत सीडब्ल्यूडी सापडला, २०१५ मध्ये मेडिना काउंटीतल्या पाळीव हरणांत. तुमचं लानो तिथून काही परदेशात नाही.

लानोकाठचा

ताई, रोगाचं नाकारत नाही. पण हिल कंट्रीत हरणं एवढी दाट आहेत की फीडर नसला तरी ती नाकाला नाक लावूनच चरतात. पाण्याच्या डबक्यावर एकत्र, ओकखाली एकत्र. आणि दाट आहेत म्हणूनच शिकार हवी. फीडर नसला तर सीडरच्या जंगलात मादी दिसणारसुद्धा नाही. फीडरवर हरीण शांत उभं राहतं, गोळी नीट बसते, जखमी होऊन पळत नाही. हा फायदा कुणी मोजतच नाही.

चांद्याचा

मी शिकारी नाही. चंद्रपूरचा आहे, डॅलसमध्ये नोकरी करतो, म्हणून इतका वेळ गप्प होतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्याकडे पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजलेत. तिथंही माणसानं बांधलेला पाणवठा, तिथंही प्राणी तहानेनं येणार हे आधीच ठाऊक. फरक एवढाच की आमच्या हातात पेन असतं. घंटी वाजवून जेवायला बोलवायचं आणि ताटावर बसल्यावर मारायचं, याला शिकार म्हणवत नाही मला. संस्थानिक रेडकू बांधून वाघ मारायचे, त्याला आपण काय म्हणतो? माग काढा, वारा बघा, चालत जा. नाही सापडलं तर रिकाम्या हातानं या.

कॅटीचा काका

अरे चांद्याच्या, रेडकू बांधून मारलेला वाघ भिंतीवर टांगायचे. मी मारलेलं हरीण माझ्या फ्रीजरमध्ये आहे आणि मार्चपर्यंत पुरतं. वर्षभर चिकन आणणाऱ्यानं कोंबडीचा माग कधी काढला?

आणि घंटी वाजली की हरणं धावत येतात हा गैरसमज आहे. ओकची फळं गळायला लागली की माझ्या मक्याकडे ढुंकून बघत नाहीत. मागच्या वर्षी तीन आठवडे नुसते रॅकून आणि एक साळिंदर.

एक गंमत तुला आवडेल. लानोकाठच्याच्या रानात विचार, फीडरवर सगळ्यात आधी कोण येतं. चितळ! आपलंच. १९३० च्या दशकात इथं आणून सोडलं, आता हिल कंट्रीभर मोकाट आहे. परदेशी प्राणी म्हणून त्याला सीझनची अट नाही, बारा महिने मारता येतं. आणि खाली दक्षिणेला नीलगाय.

चांद्याचा

काका, मी चितळ पहिल्यांदा इथं पाहिलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं बसून होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला हात लावता येत नाही, आणि इथं त्याच्या मांसाचे बर्गर. बाकी कोंबडीचा टोला बसला, मान्य. मत बदललं नाही.

ग्रँड रॅपिड्सची

लानोकाठचे, तुमचा गोळीचा मुद्दा खरा आहे, माझे सासरेही तेच म्हणतात. पण मग मका एवढा वेळ का? सीझन संपल्यावर बंद करता का?

आणि ओल्या मक्याचं काय? झाकणातून पाणी शिरलं की तळाशी बुरशीचा लगदा होतो. त्यातल्या अफ्लाटॉक्सिननं टर्की आणि क्वेलला इजा होते. हरणाच्या नावानं पक्षी मारायचे.

लानोकाठचा

खरं सांगू? बंद करत नाही. बायकोला किचनच्या खिडकीतून हरणं बघायला आवडतात.

बुरशीबद्दल पूर्ण सहमत. म्हणून तर पत्र्याचं घट्ट झाकण म्हणत होतो. भरण्याआधी तळ खरवडून काढतो, वास आला तर सगळा मका फेकून देतो, जाळून किंवा पुरून. उघड्यावर ओतत नाही.

कोरडवाहू

मी नुसता वाचक, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. यातले निम्मे लोक फीडर हरणांसाठी नाही, प्रॉपर्टी टॅक्ससाठी लावतात. टेक्सासात १९९५ पासून शेतीऐवजी वन्यजीव व्यवस्थापन दाखवूनही जमिनीचं मूल्यांकन कमी ठेवता येतं. सातपैकी तीन कामं करावी लागतात: अधिवास सुधारणं, धूप रोखणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा, गणना. मी ऑस्टिनजवळ १८ एकरांवर हे करतो. बायोलॉजिस्टनं पहिल्याच भेटीत सांगितलं, नुसता मका फेकलात तर तो खाद्यात धरणार नाही, ते आमिष. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच असतात. मी फीडर काढला, सीडर तोडला आणि एक छोटी पाण्याची टाकी बसवली. हरणं येतातच, शिवाय पक्षी. दुरुस्ती म्हणजे फक्त फ्लोट व्हॉल्व.

कॅटीचा काका

हा शहाणा निघाला. पण पाणी मोटरनं फेकता येत नाही, हरीण कधी येईल ते टाकी सांगत नाही. कबुतरांवर बंदूक चालवणार असशील तर मात्र तुझंच बरोबर. मका टाकलेल्या जागी डव्ह मारणं फेडरल गुन्हा आहे. शेवटचा दाणा उचलल्यावरही दहा दिवस थांबावं लागतं. आमच्या लीजवर एकानं फीडरशेजारीच डव्हसाठी खुर्ची मांडली होती, वॉर्डन दिसेपर्यंत.

लानोकाठचा

ठीक. मी एवढं करतो: तीन जागांऐवजी एकच फीडर, घरापासून लांब. सीझन संपला की टायमर बंद, बायकोची समजूत काढायचं माझ्याकडे लागलं. मारलेल्या प्रत्येक हरणाचा नमुना सीडब्ल्यूडीच्या तपासणीला. ताईंचं समाधान होणार नाही, माहीत आहे.

ग्रँड रॅपिड्सची

नाही झालं. पण नमुना खरंच द्या. आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका, वेगळं बांधून ठेवा.

लानोकाठचा

देतो. काका, ते पॅनल १६ फुटी, माझ्या पिकअपचा मागचा हौदा साडेपाच फुटांचा. तुमच्या लीजवर ट्रेलर कुणाकडे आहे?