बँकॉकमध्ये तीन-चार दिवस : मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी अनुभव धागा

दिवाळीनंतर आपल्याकडून बँकॉकला जाणाऱ्यांची रीघ लागते. टूरवाले पटाया आणि दोन मॉल दाखवून परत आणतात, खुद्द शहर राहूनच जातं. स्वतःचं स्वतः फिरणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथे लिहा. प्रवासवर्णन नको. गाडी कुठली, तिकीट किती, काय चुकतं आणि का, एवढंच. सुरुवात मी करते.

बँकॉकात दिवस वाया जातो तो रस्त्यावर. संध्याकाळी साडेचार ते सात टॅक्सीपेक्षा पायी चालणारा पुढे जातो. म्हणून नदी आणि रेल्वे धरून दिवस आखा आणि हॉटेलही त्याच हिशोबाने घ्या. बीटीएस म्हणजे उंचावरची रेल्वे, एमआरटी म्हणजे मेट्रो. यांतल्या एका स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांत असेल तेच हॉटेल. पत्त्यात 'सुखुमवित' दिसलं की भुलू नका. तिथल्या गल्ल्यांना सोई म्हणतात आणि एकेक सोई चांगली एक-दोन किलोमीटर आत जाते. विषम आकड्यांच्या सोई रस्त्याच्या एका बाजूला, सम आकड्यांच्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचे आकडे समोरासमोर येत नाहीत. बुकिंगच्या आधी नकाशावर स्टेशन ते दार हे अंतर मोजा.

दोन्ही रेल्वेंची तिकिटं वेगळी, एकीचं दुसरीत चालत नाही. एमआरटीच्या गेटवर आपलं टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं. मात्र बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करून ठेवा. माणशी एक कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही.

नांदेडहून

आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि बँकॉकची थेट विमानं तिथूनही आहेत. दोन्हीकडचं भाडं बघून ठरवा. मुंबईच धरली तर देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. गाडी पोचते त्याच दिवशी दुपारचं विमान घेऊ नका, वाटेत गाडी कुठे रखडेल याचा नेम नाही. रात्रीचं घ्या.

1 मे 2025 पासून टीडीएसी हा थायलंडमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म सक्तीचा आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा आणि तो फुकट आहे. सरकारी पत्ता 'गो डॉट टीएच'ने संपतो. पैसे मागणारी साइट दिसली की समजा ती दलालाची. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, तिकीट काढण्याच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर बघाच.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात की तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक मिळते. फाया थाईपर्यंत साधारण अर्धा तास, 45 बाट (बाट हे तिथलं चलन), आणि तिथेच बीटीएस लागते. चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी परवडते. जमिनीलगतच्या मजल्यावरच्या (तिथे त्यालाच पहिला म्हणतात) मशीनमधून चिठ्ठी घ्या. भाडं म्हणजे मीटरचे पैसे अधिक 50 बाट, टोल वेगळा. "मीटर नाही, अमुक द्या" म्हणाला तर उतरून दुसरी चिठ्ठी घ्या. परतीच्या वेळी पासपोर्टचा शिक्का झाला की आत समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे. पोराबाळांना ते दाखवायला पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

लातूरहून, शाकाहारी मंडळींसाठी

खरा घोळ इथे होतो. 'नो मीट, नो चिकन' सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि वरून नाम प्ला घालतो. नाम प्ला म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी. त्यांच्या लेखी ते मीठ आहे, मांस नाही, त्यामुळे कुणी फसवत नसतं. पॅड थाई म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवया, त्यात नाम प्ला असतंच, वर सुकी कोळंबीही. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तीही उखळात याच दोन्हींबरोबर कुटलेली. भाज्यांच्या परतणीत ऑयस्टर सॉस. नुसती कोळंबी बाजूला काढून भागत नाही.

उपाय एकच, 'जे' शोधा. पिवळ्या झेंड्यावर किंवा पाटीवर लाल अक्षरात เจ हे चिन्ह असतं. फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा आणि खाण्याच्या गाडीवाल्याला दाखवा. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. मात्र मुळा, गाजर असतात, तेव्हा जैन मंडळींनी वेगळं विचारावं. तोंडी सांगायचं तर "किन जे" (जे खातो), "माइ साइ नाम प्ला" (नाम प्ला घालू नका), "माइ साइ खाइ" (अंडं घालू नका). शेवटी पुरुषांनी "ख्रप", बायकांनी "खा" जोडावं, माणूस लगेच मऊ होतो.

सकाळच्या नाश्त्यासाठी धपाटे, दशम्या, कारळाची चटणी बरोबर असू द्या. दशम्या दोन दिवसांत संपवा, त्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. नळाचं पाणी पिऊ नका.

नांदेडहूनच, लातूरच्या ताईंच्या लिहिण्यात भर

एमआरटीच्या साम योत स्टेशनजवळ फाहुरात ही भारतीय पेठ आहे. कापड दुकानं, मिठाई, शुद्ध शाकाहारी थाळी सगळं मिळतं. तिथल्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. डोकं झाका, चपला बाहेर, हे आपल्याला सांगायला नको.

परभणीहून, राजवाडा आणि नदी

बीटीएसने साफान ताक्सिनला उतरा, खालीच साथोर्न धक्का आहे. तिथे निळ्या झेंड्याच्या महागड्या पर्यटक बोटीकडे ढकलतात. आपल्याला हवी ती केशरी झेंड्याची बोट, 16 बाट, कुठेही उतरा. राजवाड्यासाठी (ग्रँड पॅलेस) था चांग, वाट फोसाठी था तियेन. था म्हणजे धक्का, वाट म्हणजे देऊळ. वाट अरुण समोरच्या काठावर, पाच बाटची होडी पलीकडे सोडते.

राजवाड्याचं तिकीट 500 बाट, खिडकी साडेआठला उघडते. साडेआठलाच दारात असा, दहानंतर टूरच्या बसगाड्या येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फाटकी जीन्स, लेगिंग चालत नाही, बाहेरून लुंगी विकत घ्यावी लागते.

भिंतीच्या कडेने चालताना नीटनेटक्या कपड्यातला एक जण थांबवेल. "आज पूजा आहे, एकपर्यंत बंद. तोवर 20 बाटमध्ये टुकटुक (रिक्षा) फिरवून आणेल." पूजा नसते. टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानात नेते, तिथे त्याला दलाली मिळते. थांबू नका, बोलू नका, थेट तिकीट खिडकीवर जा. बंद असलं तर तिथे पाटी असते.

आतल्या देवळात 'पाचूच्या बुद्धा'पुढे गर्दी (मूर्ती खरी जेड या हिरव्या दगडाची आहे, फोटो काढू देत नाहीत), पण आपल्या माणसाने वेळ द्यावा तो देवळाभोवतीच्या ओवरीला. तिथे 178 चित्रांत अख्खं रामायण, म्हणजे त्यांचं रामकियेन, रंगवलंय. उत्तरेच्या दारापासून घड्याळाच्या दिशेने निघा म्हणजे कथा क्रमाने लागते. पांढरा वानर दिसला की तो हनुमान. एका चित्रात त्याने आपलं अंग पुलासारखं पसरलंय आणि सैन्य त्याच्यावरून चाललंय. सोनेरी रंगाच्या बारीक रेघा जवळून बघा. माझ्या मते शहरात यापेक्षा बघण्यासारखं दुसरं काही नाही.

बीडहून

ऊन आपल्याला नवं नाही म्हणून लोक भर दुपारी देवळं बघायला निघायलेत. तिथला पारा आपल्यापेक्षा कमी, पण हवा दमट, घाम वाळतच नाही आणि चक्कर येते. अकरापर्यंत बाहेर, मग मॉल किंवा खोली, चारनंतर परत बाहेर. ओआरएसच्या पुड्या खिशात ठेवा.

जालन्याहून, पैसे

कोऱ्या, न दुमडलेल्या शंभर डॉलरच्या नोटा न्या. लहान नोटांना भाव कमी मिळतो. विमानतळावर वरच्या मजल्यांपेक्षा तळघरात, रेल लिंकजवळच्या खिडक्यांवर भाव चांगला असतो. एटीएम दर वेळी 220 बाट किंवा जास्त कापतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. मशीन "रुपयांत रूपांतर करू का" विचारतं, तिथे नाही म्हणा, नाहीतर भाव मशीन लावतं. हजाराची नोट टॅक्सीवाल्याकडे सुटत नाही, ती किराणा दुकानात मोडा.

संभाजीनगरहून

कुणी कालव्याची बोट लिहिली नाही. सेन सेप कालवा फान फा धक्क्यापासून पूर्वेला जातो, प्रतूनामला बोट बदलावी लागते. मॉलच्या भागात जायला संध्याकाळी टॅक्सीपेक्षा हीच बरी. बोट धक्क्याला जेमतेम काही सेकंद टेकते. दोर धरा, पाय टाका, लगेच आत सरका. कडेला बसलात तर प्लास्टिकचा पडदा ओढायची दोरी तुमच्या हाताशी असते. समोरून बोट आली की ती ओढा, नाहीतर कालव्याचं काळं पाणी सगळ्या रांगेवर येतं. म्हाताऱ्या माणसांना आणि कडेवरच्या लेकरांना या बोटीत नेऊ नका.

शनिवार-रविवार हाती असेल तर चतुचाक बाजार. बीटीएसच्या मो चित स्टेशनला गर्दी असते, एमआरटीचं काम्फेंग फेत स्टेशन धरा, जिना थेट बाजारात निघतो. दुकान आवडलं की त्याच्या पाटीवरचा विभाग आणि गल्ली क्रमांक यांचा फोटो काढा. "फिरून येताना घेऊ" म्हटलं की ते दुकान परत सापडत नाही.