वडिलांची जुनी नेमबाजीची रायफल: ओळख आणि डागडुजी

झाडीपट्टीकर (प्रश्न):
ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या घरी मालगुजारीच्या काळापासून एक एकनळी रायफल आहे. वडिलांच्या निधनानंतर ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली असून, वारस म्हणून मी परवान्यासाठी अर्ज केला आहे. तिला बोल्ट नाही. चापाच्या मागचा दांडा खाली ओढला की आतला ठोकळा खाली बसतो आणि गोळी ठेवायला जागा होते. नळी जाड आणि जड आहे, पण तिचे छिद्र इतके बारीक आहे की त्यात पेन्सिलही जात नाही. नळीमागच्या लोखंडी भागावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चिन्ह आहे. कॅनव्हासच्या खोळीत पावसाळे काढल्यामुळे नळीवर गंज चढला आहे आणि दस्त्याला मुठीजवळ चीर गेली आहे. गावातले मिस्त्री सगळे घासून, पॉलिश करून नव्यासारखे करून देतो म्हणतात. ही रायफल कोणती असावी, आणि त्यांना हे काम द्यावे का?

जुनी नळी:
तीन बंदुकांचे चिन्ह बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचे आहे, आणि वर्णनावरून ही .२२ इंच छिद्राची मार्टिनी पद्धतीची नेमबाजीची रायफल वाटते. खाली बसणाऱ्या ठोकळ्याची ही रचना अमेरिकन पीबॉडी यांच्या कल्पनेवर स्विस अभियंता फ्रेडरिक फॉन मार्टिनी यांनी बेतली. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ मध्ये मोठ्या काडतुसासाठी स्वीकारली, आणि सैन्यातून ती मागे पडल्यावर तिची लहान आवृत्ती नेमबाजांच्या आवडीची ठरली. काळ ठरवण्यासाठी विक्रेत्याला नळीवरील चाचणीचे (तिची मजबुती तपासल्याचे) शिक्के पाहायला सांगा. मुकुटाखाली बीपी, बीव्ही किंवा एनपी ही रोमन अक्षरे असतील, तर बर्मिंगहॅमची ती चाचणी १९०४ किंवा त्यानंतरची आहे. मुकुटासह आडवे-तिडवे राजदंड दिसले, तर त्याआधीची. मागच्या साईटवरून (नेम धरायच्या खुणेवरून) मात्र काळ ठरवू नका, कारण नेमबाज त्या आपल्या सोयीने बदलून घेत.

तहसील रोड:
मिस्त्रींना हे काम मुळीच देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्तीदेखील परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ८ नुसार तिच्यावरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे हा गुन्हा आहे. घासून-घासून नेमके तेच पुसले जाते. रायफल जुनी आहे म्हणून सूट मिळेल, असेही समजू नका. कलम ४५ मधील सूट दुरुस्त करूनही जे चालू शकणार नाही अशा शस्त्रासाठी आहे, आणि ही रायफल तशी दिसत नाही. परवाना हाती येईपर्यंत ती विक्रेत्याकडेच राहू द्या.

जवसाचे शेत:
वरील सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. पुढचे सर्व काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे, पण त्याला काय सांगायचे ते आपल्याला ठाऊक असावे. गंजावर आधी पातळ तेल मुरू द्यावे आणि मग तो मऊ पितळी तारेने हळूहळू उतरवावा. सँडपेपर अजिबात लावू नये, आणि नळीला नवा काळा रंगही देऊ नये, कारण मूळ रंग फिका पडला तरी संग्राहक त्यालाच मोल देतात. चीर मात्र तेल लावण्यापूर्वी चिकटवावी. लाकडात एकदा तेल मुरले की सरस नीट धरत नाही. त्यानंतर आपल्याकडे सहज मिळणारे जवसाचे तेल उत्तम. कच्चे तेल फार सावकाश सुकते, म्हणून अगदी पातळ हात द्यावा, उरलेले पुसून घ्यावे आणि तो सुकल्यावरच दुसरा द्यावा. वॉर्निश लावू नये. काडतूस न घालता चाप ओढणे टाळावे, कारण .२२ च्या काडतुसाला कडेवर ठोका बसतो आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, रिकामे असेल तर ठोक्याची पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पडते. कॅनव्हासची खोळ तर आजच काढायला सांगा, ती ओल धरून ठेवते.

झाडीपट्टीकर:
सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींना नकार कळवला आहे. उद्या विक्रेत्याला फोन करून खोळ काढायला आणि शिक्क्यांतील अक्षरे वाचून सांगायला सांगतो. ती येथे लिहीन.