आत्याच्या पेटीतलं कात्रण आणि 'डालडा १३'

बाळीवेसकर_मुलगी:
आत्या दिवाळीआधी गेली. तिची पत्र्याची पेटी परवा उघडली. आत दोन डोळ्यांचा यॅशिका कॅमेरा, फोटोंची पाकिटं आणि पेपरचं एक पिवळं कात्रण. साडी नेसलेल्या, हातात भला मोठा कॅमेरा धरलेल्या एका बाईचं. शेजारी आत्याच्या अक्षरात 'डालडा १३'. ही तुपाच्या डब्याची भानगड काय आहे?
आत्या सोलापुरात नव्या पेठेत आतोबांच्या फोटो स्टुडिओत होती. बारशी, डोहाळजेवणं, मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो, म्हणजे जिथं पुरुष फोटोग्राफरला आत सोडत नसत तिथं ती जायची. पण एकूण एक फोटोमागं शिक्का आतोबांचा.

जुनी_पानं:
त्या होमाई व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. पारशी, जन्म नवसारीचा, ९ डिसेंबर १९१३. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 'डालडा १३' हे त्यांनी घेतलेलं टोपणनाव: जन्म १९१३चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. तुपाचा काही संबंध नाही :)
तुम्ही शिक्क्याचं लिहिलंत म्हणून सांगते. होमाईंचे सुरुवातीचे फोटोही नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं छापून आले. गंमत म्हणजे कॅमेरा शिकवला तोही माणेकशांनीच, त्यामुळं त्यांना खलनायक करता येत नाही. बाईच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती, एवढंच.
१९४२ला दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश माहिती खात्यात. पुढं फाळणीच्या निर्णयाची बैठक, लाल किल्ल्यावरचा तिरंगा, माउंटबॅटनची रवानगी, सगळीकडं ही एकटी बाई. कबुतर सोडणारे नेहरू तुम्ही नक्की पाहिले असतील. माझा आवडता वेगळा आहे: पालम विमानतळावर 'फोटो काढण्यास सक्त मनाई'च्या पाटीशेजारी नेहरू उभे, आणि बाईंनी नेमका तोच फोटो काढला.
एक मात्र हुकला. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींच्या प्रार्थनेला निघाल्या होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून नवऱ्यानं परत बोलावलं. याची हळहळ त्यांना जन्मभर राहिली.
माणेकशा १९६९ला वारले. पुढच्या वर्षी बाईंनी कामच सोडलं. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की, वागण्याची रीत त्यांना पटेना. शेवटची वर्षं बडोद्याला. पद्मविभूषण मिळालं २०११ला, आणि १५ जानेवारी २०१२ला गेल्या.

हायपो_काका:
पोरी, नव्या पेठेत फोटो काढणारी बाई म्हणजे एकच. मी तुझ्या आत्याकडं डार्करूमला होतो, सात वर्षं. ते कात्रण डार्करूमच्या दाराला आतून चिकटवलेलं असायचं, लाल दिव्यात कोण बाई आहे ते दिसायचं पण नाही.
होमाईंकडं रोलिफ्लेक्स होता, तुझा यॅशिका त्याच जातीचा. रोलला बारा फोटो. पोटाशी धरून वरनं बघायचं, त्यात डावं-उजवं उलटं दिसतंय. पण फायदा एक लई मोठा: मान खाली असती, त्यामुळं समोरच्याला वाटत नाही की ही आपल्याकडं बघालीय. बायका बुजत नाहीत. आत्या म्हणायची, बारा आहेत, तेराव्याची हाव धरू नको.
आता कामाचं. फोटोमागं नावं लिहिणार असशील तर मऊ पेन्सिल घे. बॉलपेन नको, दाबाचा वण पुढच्या बाजूला उठतो. आणि निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नको, चिकटून बसतील.

बाळीवेसकर_मुलगी:
काका, किती वर्षांनी कुणी तिच्याबद्दल एवढं बोललं! पेन्सिल आणली. आतोबांचा शिक्का खोडत नाहीये, त्याच्याखाली तिचं नाव लिहितेय. आत्तापर्यंत एकेचाळीस झाले.
एकाचं कोडं सुटेना. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला आहे. मागं नंदीध्वज, पुढं आत्या स्वतः, पदर खोचलेला, गळ्यात यॅशिका. जरा हललाय. मागं शिक्का आहेच. हा कुणी काढला असेल?

हायपो_काका:
मी. स्टुडिओतला दुसरा कॅमेरा घेऊन. गर्दीत मागनं कुणीतरी ढकललं बघ.
शिक्क्याखाली माझं बी लिही.