मदत हवी आहे: विमानांच्या आवाजासाठी खिडक्या कोणत्या घ्याव्यात आणि मोजणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनजवळ राहतो. वारा पश्चिमेचा असला की विमानं आमच्या डोक्यावरूनच मुंबई विमानतळाच्या धावपट्टी 27 वर (म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे) उतरतात. विमानं 3 अंशांच्या उताराने खाली येतात, त्यामुळे धावपट्टीच्या टोकापासून अडीच किलोमीटरवर विमान जेमतेम दीडशे मीटर उंच असतं. खाली आलेली चाकं गॅलरीतून दिसतात. परदेशी विमानांची वर्दळ तर मध्यरात्रीनंतरच. सासूबाई कानात कापसाचे बोळे घालतात, पण आठ महिन्यांच्या लेकीचं काय करू? दचकून उठली की तासभर खांद्यावरून उतरत नाही. फार जीव तुटतो.

आधी खिडक्यांचं. सध्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या आहेत. फटी बुजवणारे कडेचे ब्रश झिजलेत, फटीशी हात धरला की वारा लागतो, म्हणजे आवाजही तिथूनच येणार. एक कारागीर म्हणतो, सारख्या जाडीच्या दोन काचा लावा. दुसरा म्हणतो, लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर देऊन चिकटवलेल्या दोन काचा), दारासारखी उघडणारी खिडकी आणि फट बंद करायला चारी बाजूंनी रबरी गॅस्केट. मला दुसऱ्याचं पटतं, कारण सारख्या काचा एकाच कंपनाला साथ देतात आणि तेवढा आवाज आत सोडतात. पण विमानाच्या खर्जातल्या घरघरीला याने किती फरक पडतो? कुणी प्रत्यक्ष बसवली आहे का? जुनी तशीच ठेवून आतून वीतभर अंतरावर दुसरी बसवली तर? खिडकीतल्या एसीचं काय केलंत?

दुसरं, सोसायटीतर्फे अर्ज करायचा आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार गर्दीच्या विमानतळांभोवती मर्यादा दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल, पण ती ध्वनिऊर्जेच्या सरासरीची. समजा तासात एकच विमान 15 सेकंद 80 डेसिबलने गेलं आणि बाकी सगळं शांत असलं, तर त्या तासाची सरासरी 56 च्या आसपास. कागदावर नियम पाळला गेला, पोर मात्र जागं! म्हणून सरासरीसोबत प्रत्येक विमानाचा कमाल आवाज वेळेसह जोडावा असं वाटतं. रात्रभर प्रमाणित मीटरने मोजून लेखी अहवाल देणारं मुंबईत कोण आहे? खर्च साधारण किती येतो?

विमानं समुद्राकडून उतरवा असं मागायचं नाही, तो त्रास विलेपार्ल्याच्या माथी जाईल. लंडनच्या हीथ्रोभोवती घरांच्या ध्वनिरोधनाला विमानतळाकडून मदत मिळते, तसं काही मागावं असं मनात आहे. असा अर्ज कुणी केला असेल तर मसुदा कृपया इथे टाका. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे.