नियमन, नियंत्रण, विनियम: क्वांटमच्या कायद्यांबद्दल लिहिताना कुठला शब्द कुठे?

प्रश्न: आपल्यासारख्या उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत क्वांटम तंत्रज्ञानासाठी कायदे कसे असावेत यावर लिहितोय. रेग्युलेशनला कुणी नियमन म्हणतं कुणी नियंत्रण, मधेच विनियमपण दिसतं. तिन्ही एकच का? आणि क्वांटमला पुंज लिहू का?

– एकच नाहीत. नियमन म्हणजे चौकट आखून काम चालू ठेवणं, नियंत्रण म्हणजे परवानगीशिवाय हलू न देणं. अमेरिकेनं सप्टेंबर २०२४ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरच्या निर्यातीवर बंधनं आणली ते निर्यात नियंत्रण, तिथे नियमन लिहिलंत तर धारच जाते. आणि आपलं राष्ट्रीय क्वांटम मिशन (२०२३, ६००३.६५ कोटी) या दोन्हींत बसत नाही, ती योजना आहे, कायदा नाही, तेवढी सरमिसळ टाळा.

– विनियमचं मी सांगते. अधिनियम संसद करते, त्याखाली नियम सरकार करतं आणि विनियम सेबी, ट्रायसारखी प्राधिकरणं करतात. हा फरक क्वांटममध्ये फार महत्त्वाचा आहे, कारण आयटी अधिनियम २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल सहीसाठी फक्त 'असममित क्रिप्टो प्रणाली' (खाजगी किल्लीनं सही करायची, जोडीच्या सार्वजनिक किल्लीनं ती पडताळायची) आणि हॅश फंक्शन (मजकुराचा छोटा ठसा काढणारं गणित) एवढंच म्हटलंय, आरएसएचं, म्हणजे अशा किल्ल्यांच्या एका प्रचलित पद्धतीचं, नाव आलं ते प्रमाणन प्राधिकरणांच्या (डिजिटल सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या) नियमांत. गणितज्ञ पीटर शोर यांच्या १९९४ च्या अल्गोरिदमनं मोठा क्वांटम कॉम्प्युटर आरएसए फोडू शकतो, पण अमेरिकेच्या निस्टनं (तांत्रिक मानकं ठरवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये जी नवी सह्यांची मानकं काढली तीही खाजगी-सार्वजनिक किल्ल्यांच्या जोडीवरच चालतात, म्हणजे कलम ३ ला हातही न लावता नुसते नियम बदलून भागू शकतं! अधिनियम बदलायला संसदेत जायची गरज नाही. ज्या देशाकडे वेळ आणि तज्ज्ञ दोन्ही कमी त्यानं कायदा असाच लिहावा असं माझं ठाम मत आहे, अधिनियमात तत्त्व आणि नियमांत तंत्र.

– याला जोडून, त्याच अधिनियमाच्या व्याख्येत किल्ल्यांची जोडी 'सुरक्षित' हवी असं आहे. सुरक्षित कुणापासून, आजच्या कॉम्प्युटरपासून की उद्याच्या? आज कुणी सार्वजनिक किल्ली नुसती साठवून ठेवली आणि पंधरा वर्षांनी तिच्यावरून खोटी सही केली तर? लेखात यावर नक्की लिहा, इथे मोघम राहून चालणार नाही.

– पुंजबद्दल, मराठी विश्वकोशात पुंज सिद्धांत आहेच आणि भौतिकशास्त्रात तो शोभतो, पण कायद्याच्या लेखात क्वांटमच ठेवा, वाचणाऱ्या वकिलाला पुंज म्हणजे ढीग वाटेल.