स्विंग करताना खांद्याचे पाते नेमके कसे आणि केव्हा मागे घ्यावे?

प्रश्न

मी उजव्या हाताची बॅटर असून गेली सहा वर्षे सॉफ्टबॉल खेळते आहे. स्विंग सुरू करण्यापूर्वी मागच्या खांद्याचे पाते कण्याकडे ओढून घ्यावे, त्यामुळे फटक्यात जोर येतो, असे मला प्रशिक्षकांनी सांगितले होते. त्याप्रमाणे दोन महिने सराव केला. टीवर, म्हणजे चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांडीवर, ठेवलेल्या चेंडूवर फटका चांगला बसतो. पण प्रत्यक्ष पिचिंग (पिचरने चेंडू टाकणे) सुरू झाले की बॅट उशिरा येते आणि शरीराच्या जवळून येणारे चेंडू बॅटच्या मुठीपाशी लागतात. शिवाय सराव संपल्यावर उजवीकडे, मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. ही कल्पनाच माझ्यासाठी चुकीची आहे, की माझी पद्धत चुकते आहे?

प्रतिसाद १

कल्पना बरोबर आहे. तुमच्या वर्णनावरून मात्र असे वाटते की पाते मागे घेण्याऐवजी तुम्ही कोपर मागे नेत आहात आणि त्याच वेळी खांदाही वर उचलत आहात.

पाते बरगड्यांवर सरकते. धडाशी त्याला जोडणारा हाडांचा दुवा म्हणजे केवळ कॉलरबोन. बाकी सारी पकड स्नायूंची असते. कण्यापासून पात्याच्या आतल्या कडेपर्यंत जाणारे ऱ्हॉम्बॉइड स्नायू आणि ट्रॅपेझियसचा (मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या रुंद स्नायूचा) मधला भाग त्याला मागे ओढतात, तर बरगड्यांवरून निघून त्याच कडेला आतून जोडलेला सेरेटस स्नायू त्याला पुढे नेतो. ट्रॅपेझियसचा वरचा भाग खांदा कानाकडे उचलतो. सरावानंतर तुमचा नेमका हाच भाग घट्ट होत असल्यामुळे, मागे ओढण्याचे काम चुकीच्या स्नायूकडे गेले आहे अशी मला दाट शंका आहे.

पाते नीट मागे गेले तर हात फार तर चार बोटे मागे सरकतात. कोपर पाठीच्या मागे गेले, की बॅटचे टोक डोक्यामागे वळसा घेते आणि तेवढे जास्तीचे अंतर कापून चेंडूपर्यंत यावे लागते. टीवरचा चेंडू थांबलेला असतो, म्हणून हा उशीर तिथे जाणवत नाही. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभी राहते त्या पाटीपासून, ४३ फुटांवर असते आणि ताशी ६० मैल वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोहोचतो. तिथे तो वळसा परवडत नाही.

तपासण्याची एक सोपी रीत सांगतो. अंगाला जरा घट्ट बसणारी जर्सी घालून पाठीमागून मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करा. पाते कण्याकडे आले की उजवे पाते आणि कणा यांच्यामध्ये कापडावर उभी चुणी पडते. पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत ती चुणी टिकली पाहिजे. टाच टेकून कंबर वळू लागली, तरी पाते क्षणभर मागेच राहिले, की कंबर आणि पाते यांच्यामधले स्नायू ताणले जातात, आणि पाते मागे घेण्याचा सारा फायदा त्या ताणात आहे. त्यानंतर मात्र त्याला सोडून द्यायचे असते. बॅट चेंडूला लागताना मागचे पाते बरगड्यांवरून पुढे आलेले हवे. ते मागेच धरून ठेवले तर हात आखडतात.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात पुढच्या खांद्याचा विचार आलेला नाही. अनेक खेळाडू सूचना ऐकून दोन्ही पाती एकदम जवळ आणतात आणि छाती पिचरच्या दिशेने उघडते. मागचे पाते कण्याकडे जात असताना पुढचे पाते कण्यापासून दूर, बरगड्यांवरून पुढे गेलेले असायला हवे. धड वळू लागल्यावरच ते मागे येते. ते आधीच ओढले, तर बाहेरच्या कडेने जाणारा चेंडू हाती लागत नाही.

दुखण्याबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते. सरावानंतर स्नायू घट्ट होणे वेगळे आणि पुढच्या खांद्याच्या मागच्या बाजूला खोलवर कळ येणे वेगळे. बाहेरचा चेंडू हुकला की पुढच्या खांद्याच्या सांध्याला मागच्या बाजूने मोठा झटका बसतो आणि सांध्याच्या कडेची कूर्चा फाटू शकते. अशी कळ आली तर स्विंग थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आज चित्रण करून पाहिले. सुदैवाने तशी कळ मला नाही. चुणी पडते, पण पाय उचलतानाच, आणि टाच टेकण्यापूर्वी ती पूर्ण नाहीशी होते. खांदाही स्पष्टपणे वर गेलेला दिसतो. मग ती चुणी मुद्दाम धरून ठेवण्याचा प्रयत्न करावा का?

प्रतिसाद १

समोर चेंडू येत असताना अजिबात करू नका. लक्ष पाठीकडे गेले की नजर चेंडूवरून सुटते. त्याऐवजी टीवर सुरुवातच टाच टेकलेल्या स्थितीतून करा. दोन्ही खांदे आधी खाली सोडा, मग उजवे पाते मागे घ्या, दोन सेकंद थांबा आणि हात न हलवता कंबरेपासून वळायला लागा. असे दहा स्विंग झाले की पाय उचलून नेहमीचे पाच स्विंग करा आणि पुन्हा चित्रण पाहा. सेरेटससाठी पुश-अपच्या स्थितीत कोपरे सरळ ठेवून छाती पात्यांच्या मधून सावकाश खाली सोडा आणि जमीन दूर ढकलत वर न्या. हे करताना मान ताणली गेली, तर तिथेच थांबा आणि हात भिंतीला टेकवून उभ्यानेच तो व्यायाम करा.